अँबर स्पायग्लास, द

इंग्रज लेखक फिलिप पुलमन (जन्म १९४६) यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या अद्‌भुतरम्य साहसमालिकेचा तिसरा व अखेरचा खंड. प्रकाशन २०००. आधीचे खंड : ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) आणि ‘द सटल नाइफ’ (१९९७).

लायरा व विल ही मुले मृतांच्या प्रदेशात उतरतात आणि तिथे कोंडलेल्या आत्म्यांना मोकळे करतात, हा या खंडाचा गाभा. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ची कथा पुलमन यांनी इथे उलटी फिरवली आहे : ज्ञानाची ओढ हे पाप न राहता मोठे होण्याची खूण ठरते. या वैचारिक धाडसाचे समीक्षकांनी मोठे कौतुक केले. २००१ च्या बुकर पारितोषिकाच्या प्राथमिक यादीत ही कादंबरी आली. पुढे व्हिटब्रेड पुरस्कारांत ती २००१ चे सर्वोत्कृष्ट बालपुस्तक ठरलीच, शिवाय जानेवारी २००२ मध्ये ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट पुस्तक’ हा एकूण सन्मानही तिला मिळाला. बालपुस्तकाला तो प्रथमच लाभला. दोनच वर्षांपूर्वी हॅरी पॉटरचा तिसरा भाग शेमस हीनी यांच्या ‘बेवुल्फ’च्या अनुवादापुढे थोडक्यात मागे पडला होता.

स्तुती एकमुखी मात्र नव्हती. चर्चविरोधी सूर काहींना प्रचारकी वाटला, आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. कथेच्या उत्तरार्धात अधूनमधून पात्रांऐवजी लेखकच बोलू लागतो. तरीही बियांच्या चाकांवर धावणाऱ्या म्युलेफा प्राण्यांचे जग आणि लायरा-विलची ताटातूट यांतील कल्पकता व संयम वादातीत आहेत.