एकोणतीस माणसं आणि दोनशे चोवीस माग

नोकरीच्या जाहिरातींत हल्ली ‘सेल्फ-मॅनेज्ड टीम’ हा शब्द हमखास भेटतो. म्हणजे डोक्यावर साहेब बसलेला नसेल, टीम आपलं काम आपसांत वाटून घेईल, कुठे अडलं तर एकमेकांना हात देईल. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमचीही टीम अशीच म्हणवली जाते. ही सगळी पद्धत कॅलिफोर्नियातून आली, असं आपल्याला सहसा सांगितलं जातं. तिची वंशावळ बरीच गुंतागुंतीची आहे. पण त्यातली एक महत्त्वाची फांदी इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीतून निघते आणि थेट अहमदाबादच्या एका कापड गिरणीत येते. साल १९५३. त्या गिरणीची गोष्ट मला सांगायची आहे, कारण आपल्या ऑफिसांत जे प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, ते तिथे उघडे पडलेले दिसतात.

आधी खाण. दुसरं महायुद्ध संपल्यावर लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची संस्था उभी राहिली. युद्धकाळात सैन्यासाठी काम केलेले मानसशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ तिथे एकत्र आले होते. १९४७च्या १ जानेवारीला ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. यंत्रं आली, मालकी बदलली. तरी उत्पादन हवं तसं वाढेना आणि कामगारांच्या दांड्या थांबेनात. एरिक ट्रिस्ट हे टॅव्हिस्टॉकचे संशोधक आणि केन बॅमफर्थ हे स्वतः अनेक वर्षं खाणीत राबलेले गृहस्थ. या दोघांनी १९५१ साली ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात एक लेख छापला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या पद्धतीत दोन-चार जणांची टोळी कोळसा काढायची. टोळी स्वतः जमवलेली, सगळ्यांना सगळी कामं येणारी, मजुरी सामाईक. नव्या ‘लाँगवॉल’ पद्धतीत कोळशाचा शंभर-दोनशे यार्ड लांबीचा पट्टा एकदम हाताळायचा. त्यासाठी काम तीन पाळ्यांत कापलं गेलं: एका पाळीनं कापायचं, दुसरीनं रचना पुढे सरकवायची, तिसरीनं कोळसा भरायचा. प्रत्येकाला एकच काम आणि प्रत्येक कामाचा वेगळा दर. आधीच्या पाळीनं घोळ घातला की तो पुढच्या पाळीच्या गळ्यात. अंधारात, एकमेकांपासून लांब, कुणाचा कुणाशी संबंध नाही. दोष यंत्राचा नव्हता आणि माणसांचाही नव्हता. यंत्राभोवती माणसांची मांडणी ज्या पद्धतीनं केली होती, तिचा होता. तेच यंत्र वेगळ्या मांडणीनंही चालवता येतं, हे बॅमफर्थ यांना दक्षिण यॉर्कशरमधल्या एका खाणीत दिसलं होतं. तिथे कामगारांनी नव्या यंत्रांसह पुन्हा गट बांधले होते. यातूनच ‘सोशिओ-टेक्निकल’ ही कल्पना जन्माला आली: कामाची यंत्रं आणि कामाची माणसं यांचा आराखडा एकत्रच करावा लागतो.

आता अहमदाबाद. तिथली कॅलिको मिल साराभाई कुटुंबाची. या घराण्याचा मजुरांशी असलेला संबंध साधा नव्हता. १९१८ साली गिरणी कामगारांनी ३५ टक्के पगारवाढीसाठी संप केला, गांधीजींनी त्यासाठी उपास केला. तेव्हा मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन. त्या लढ्यातून १९२० साली ‘मजूर महाजन’ ही संघटना उभी राहिली. पुढच्या पिढीत विक्रम साराभाईंनी १९४७ साली कापड उद्योगासाठी ‘अटीरा’ ही संशोधन संस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला. तिथे धाग्यांच्या प्रयोगशाळेइतकंच गिरणीतल्या माणसांच्या अभ्यासालाही स्थान होतं आणि ते काम कमला चौधरी बघत. विक्रम यांचे थोरले बंधू गौतम साराभाई कॅलिको चालवत होते. त्यांनी टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस यांना सल्लागार म्हणून बोलावलं.

अडचण काय होती? जून १९५२मध्ये गिरणीच्या एका शेडमध्ये स्वयंचलित माग बसवले होते. साध्या मागात धोट्यातली बाबीण संपली की विणकर माग थांबवून नवी घालतो. स्वयंचलित मागात ती आपोआप बदलते; फक्त मागाच्या ‘बॅटरी’त भरलेल्या बाबिणी ठेवत राहायचं. म्हणजे एक विणकर खूप जास्त माग सांभाळू शकतो. शेडमध्ये असे २२४ माग होते आणि त्यावर २९ माणसं. अपेक्षेइतकं उत्पादन मात्र निघत नव्हतं आणि खराब कापड फार निघत होतं.

या २९ जणांची कामं बारा प्रकारची होती. विणकराकडे २४ किंवा ३२ माग. बॅटरी भरणाऱ्याकडे ४० ते ५०. एकदम पुष्कळ धागे तुटले तर ते जोडणाऱ्याकडे ६० ते ८०. शिवाय जॉबर, त्याचा मदतनीस, तेल घालणारा, झाडू मारणारा, कापड वाहून नेणारा वगैरे. कागदावर हे चोख होतं; प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात ते मोजूनच ही वाटणी ठरवली होती. पण जरा हिशेब करून बघा. एका विणकराच्या वाट्याला येतो बॅटरीवाल्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग, धागे जोडणाऱ्याचा निम्म्याहून कमी भाग आणि तेलवाल्याचा अगदीच लहान तुकडा. ‘माझ्या मागांवर काम करणारी माणसं कोण?’ याला त्याच्याकडे उत्तर नाही. बॅटरीवाल्याला दोन विणकरांनी एकाच वेळी हाक मारली तर आधी कुणाकडे जायचं? त्यातून कापडाचा प्रकार बदलला की धागे तुटण्याचं प्रमाण बदलतं, आणि एका रात्रीत कुणाचं काम दुप्पट होतं तर कुणाचं निम्मं. शेडमध्ये २९ जण होते, पण गट एकही नव्हता.

राइस यांनी सुचवलेला उपाय एका ओळीत मावतो: मागांच्या एका गटासाठी माणसांचा एक गट. साठेक मागांच्या एकेका पट्ट्यामागे सुमारे सात जण. आतलं काम कुणी काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. ही कल्पना व्यवस्थापकांशी, मग सुपरवायझरांशी आणि कामगारांशी बोलताना मांडली गेली. पुढचा भाग राइस यांनाही अनपेक्षित होता. सविस्तर योजना वरून येण्याआधीच कामगारांनी आपसांत बोलून, कोण कुणाबरोबर काम करणार हे ठरवून, गट तयार केले.

सुरुवातीला आकडे वर-खाली झाले. मग घडी बसली. माग चालण्याची कार्यक्षमता, म्हणजे पाळीत जेवढं विणणं शक्य त्यातलं प्रत्यक्ष किती विणलं ते प्रमाण, सरासरी ८० टक्क्यांवरून ९५वर गेली. खराब कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २०वर आलं. माग तेच, सूत तेच, माणसंही तीच. राइस यांनी १९५३ साली यावर लेख लिहिला आणि १९५८ साली पुस्तक. जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गांत ‘अहमदाबाद प्रयोग’ म्हणून तो आजही शिकवला जातो.

इथे कुणीही शहाणा वाचक शंका घेईल. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. तिथून एक समज पसरला: बाहेरची माणसं वही घेऊन निरीक्षण करायला आली, की कामगार थोडे दिवस जास्त काम करतातच. अहमदाबादेतही तेच झालं नसेल कशावरून? याचं उत्तर मिळायला सोळा-सतरा वर्षं लागली. टॅव्हिस्टॉकचे एरिक मिलर १९७० साली पुन्हा त्या शेडमध्ये गेले. त्यांना दिसलेलं चित्र संमिश्र होतं. साध्या मागांच्या एका शेडमध्ये, जिथे राइस यांनी दुसरा प्रयोग केला होता, गटपद्धत बऱ्याच अंशी टिकून होती. पाहुण्याची नवलाई सोळा वर्षं पुरत नाही. तेव्हा या पद्धतीत स्वतःचा काहीतरी दम होता, हे मानावं लागतं. पण स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये, जिथून सगळ्याची सुरुवात झाली, काम पुन्हा जुन्या वळणावर गेलं होतं. बाजार बदलला होता, कापडाचे प्रकार वाढले होते, घाई वाढली होती. अशा वेळी वरिष्ठ गटाच्या आतल्या कामात हात घालू लागतात. एकदा हात घातला की गट उरतो तो नावापुरता.

मला हा भाग प्रयोगाच्या यशाहून महत्त्वाचा वाटतो. कामगारांना गट चालवता आला नाही, असं कुठेही दिसत नाही. पण गट चालवण्याची मुभा त्यांच्या मालकीची नव्हती. ती दिलेली होती, म्हणून हळूहळू परतही घेता आली. कोणत्या करारात, कोणत्या नियमात ती लिहून ठेवलेली नव्हती.

मुंबईशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. १९२८ साली मुंबईच्या गिरणी मालकांनीही कार्यक्षमतेचा प्रश्न हाती घेतला होता. त्यांचं उत्तर सोपं होतं: विणकराकडे दोनऐवजी तीन साचे द्या. (मुंबईच्या गिरणगावात मागाला ‘साचा’ म्हणत.) म्हणजे तिघांचं काम दोघांत, आणि तिसरा रस्त्यावर. सुमारे दीड लाख कामगार त्याविरुद्ध सहा महिने संपावर गेले. त्या संपातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिथे कामगारांचा आवाज संपातून आणि युनियनमधून उमटला, अहमदाबादच्या शेडमध्ये सल्लागाराच्या सूचनेतून. एकीकडे भांडण, दुसरीकडे संवाद, असं म्हणून अहमदाबादला शाबासकी देणं सोपं आहे. पण मुंबईच्या कामगारांनी विचारलेला प्रश्न अहमदाबादच्या प्रयोगालाही लागू होतो: काम वाढलं, तर त्याचा वाटा कुणाला? राइस यांच्या नोंदींनुसार कमाई वाढली होती. पण वाढलेल्या उत्पादनातलं किती कुणाला मिळावं, हे ठरवायला गट बसला नव्हता. गटाचा अधिकार शेडच्या दारापाशी संपत होता.

आणखी एक दार होतं, आत येण्याचं. कामगारांनी आपले साथी आपण निवडले, हे वाचताना आपल्याला बरं वाटतं. पण निवडायला शेडमध्ये होतं कोण? मुंबईत आणि अहमदाबादेत दोन्हीकडे विणकाम खातं हे जास्त पगाराचं खातं आणि तिथे दलितांना दीर्घकाळ मज्जाव होता. धोट्यात सूत ओवताना ते तोंडानं ओढून घ्यावं लागे; विटाळाच्या नावाखाली सवर्ण विणकरांनी दलितांना कमी पगाराच्या सूतकताई खात्यात अडकवून ठेवलं. मुंबईत १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. संपाच्या नेत्यांना ती आपलीशी करायला जड गेली. अहमदाबादेत मजूर महाजनाच्या शाखाच खात्यांनुसार होत्या, त्यामुळे जातीची ही विभागणी संघटनेतही उतरली. म्हणजे ‘आपली माणसं आपण निवडा’ असं सांगितलं जाण्याआधीच पिढ्यान्‌पिढ्या एक निवड होऊन गेली होती. कामाची मांडणी बदलणाऱ्या संशोधनाला मागापुढचा माणूस दिसला. मागापर्यंत पोचूच न दिलेला माणूस त्याच्या आकडेवारीत येणंच शक्य नव्हतं.

पुढे १९८० आणि ९०च्या दशकांत अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कॅलिकोही गेली. हजारो कामगार बांधकामावर, रिक्षावर, हातगाडीवर गेले. ८० टक्क्यांचे ९५ टक्के करून दाखवणाऱ्या गिरणीलाही ते कौशल्य वाचवू शकलं नाही, कारण गिरणी चालू ठेवायची की नाही हा निर्णय शेडमध्ये होत नव्हता. साराभाईंनीच १९४९ साली सुरू केलेलं कॅलिको म्युझियम मात्र शाहीबागेत आजही आहे. जुनी, देखणी वस्त्रं तिथे जपून ठेवली आहेत. जमलं तर जाऊन बघा.

राइस यांच्या प्रयोगाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. उलट, सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी मोजून दाखवलं की माणसाला यंत्राचा तुकडा करून वापरलं तर यंत्रसुद्धा नीट चालत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या टीममध्येही ती खरी ठरते. ज्या आठवड्यात आम्ही काम आपसांत वाटून घेतो, त्या आठवड्यात कुणी रात्री अकराला एकटं बसलेलं नसतं, हे मी पाहिलं आहे. म्हणूनच तुमच्या कंपनीनं ‘टीम स्वतः ठरवते’ असं सांगितलं, तर खुश व्हा आणि सोबत चार गोष्टी विचारून ठेवा. टीममध्ये कोण येणार, हे आधी कुणी ठरवलं? जास्त काम झालं तर जास्त पैसे कुणाला? घाईच्या दिवसांतही हा अधिकार राहणार आहे का? आणि तो कुठे लिहून ठेवला आहे?