जेटचे तेल आणि जुनी पद्मिनी

बनशंकरीतल्या निवृत्त फौजी मित्रांकडे अजून जुन्या गाड्या आहेत. कोणाची पद्मिनी, कोणाची मारुती ८००, एकाची लिलावात घेतलेली जिप्सी. इथे पोस्टिंगवर आल्यापासून प्रश्न ठरलेला: "साहेब, सिंथेटिक ऑइल घातले की जुने इंजिन गळते म्हणतात, खरे का?" उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

१९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन गाड्यांतले तेल थिजले. ड्रायव्हर इंजिनाखाली जाळ करत. खनिज तेलात मेण असते, ते थंडीत गोठते. लडाख केलेल्यांना हे सांगायला नको. जर्मनीत हर्मान झोर्न यांनी त्याआधीच रसायनांपासून एस्टर वंगण बनवण्याचे काम हाती घेतले होते. पुढे जेट इंजिने आली. बाहेर कडाक्याची थंडी आणि बेअरिंगपाशी भट्टी, या दोन्हींत एस्टरच टिकले. १९७२ मध्ये अमेरिकेतले फायटर स्क्वाड्रनचे कमांडर अल्बर्ट अमाटुझिओ यांनी तोच विचार मोटारीच्या तेलात आणला.

आपल्याकडे विमान आणि मोटार एकाच माणसाने जोडली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. पहिल्या कारखान्याचे मारुत जेट १९६१ मध्ये उडाले. दुसऱ्याच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून पद्मिनी आली.

मग जेटचे तेल पद्मिनीत चालेल का? सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांपैकी काहींनी रबरी सील आकसत, काहींनी फुगत. गळतीची समजूत तिथली. आजच्या तेलात दोन्हींचा मेळ घातलेला असतो. तरीही गळती दिसली, तर बहुधा सील आधीच गेलेले असते आणि गाळाने भोक बुजवलेले असते. तेल तो गाळ धुते, एवढेच.

खरा धोका ग्रेडचा. पद्मिनीला २०डब्ल्यू-५० सारखे जाड तेल लागते. नव्या गाडीचे ०डब्ल्यू-२० घातले तर प्रेशर पडते. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी पातळ ग्रेडमधला फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला गेला. जुन्या पुशरॉड इंजिनाच्या कॅमला झीज रोखायला तोच लागतो.

बंगळुरू ९०० मीटरवर असले तरी तेल थिजण्याइतकी थंडी इथे नाही. त्यामुळे हिशेब उष्णतेचा. जिप्सी भरून घाट चढत असेल किंवा कनकपुरा रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज तास काढत असेल, तर योग्य ग्रेडच्या सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. महिन्यातून दोनदा बनशंकरीच्या देवळापर्यंत जाणाऱ्या गाडीला ते नको. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल साचते. अशा गाडीत चांगले खनिज तेल घाला आणि किलोमीटर न बघता वर्षाला बदला.

कोणतेही घाला, पण एमटीतली फर्स्ट परेड सोडू नका. डिपस्टिक रोज काढून बघा.

जय हिंद.