शेवटची पानं नसलेली पुस्तकं

सुरुवात 'तुंबाड'पासून करते. २०१८ सालचा हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला. धाकटा नातू मित्रांबरोबर तो बघून आला आणि जेवताना त्यातल्या म्हातारीचं असं काही वर्णन केलंन की कुणाला वरणभात गोड लागेना. मी सहज म्हटलं, "अरे, यामागे आमच्या नारायण धारपांची गोष्ट आहे. 'आजी' नावाची." त्याचा घास हातातच राहिला. "आजी, तू असलं वाचायचीस?"

असलं! जन्मभर मुलांना समास आणि अलंकार शिकवणाऱ्या बाईनं असलं वाचलेलं असू शकतं, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक त्यांची नाही. मीच ते इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं.

आमच्या गावात वाचनालय होतं. महिना आठ आणे वर्गणी, एका वेळी एक पुस्तक. काचेच्या कपाटात हरिभाऊ, केतकर, खांडेकर वगैरे मंडळी कुलपात. आणि ग्रंथपालांच्या टेबलाशेजारी एका उघड्या फळीवर बाबूराव अर्नाळकर. या फळीला कुलूप नव्हतं, कारण संध्याकाळी सहानंतर तिथे काही उरतच नसे. दादा शाळेतून परस्पर तिकडे जायचा आणि दप्तरात झुंजार नाहीतर काळापहाड घेऊन यायचा. अण्णांना रहस्यकथा खपत नसत, म्हणून पुस्तक भूगोलाच्या वहीत.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, निधन १९९६. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली या माणसानं! आज ती वाचताना दोष दिसतात. गुन्हेगार ओळखू येतो, योगायोगांना सुमार नाही, माणसं आपल्याशी बोलल्यासारखी बोलत नाहीत. पण वेग! पहिल्या पानावर दार वाजलं की पाचव्या पानापर्यंत तुम्ही मोटारीत बसलेले. आणि झुंजार कायद्याच्या चौकटीबाहेरचा, लबाड श्रीमंतांना लुबाडणारा, पोलिसांना चकवणारा. रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांना तो का आवडला असेल, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे मालिका. नायक तोच, म्हणजे नव्या पुस्तकाची भीती नाही. नुकतं अडखळत वाचू लागलेल्या माणसाला हा केवढा आधार असतो, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं. (कळलं, पण वळलं नाही. ते पुढे येतंच आहे.)

पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल आणि ते त्याचं 'ट्टॉक्'. त्याला मात्र घरात, शाळेत सगळीकडे परवानगी होती. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन माझ्या विद्यार्थ्यांच्या पिढीचे. माझं मन तिथे फारसं रमलं नाही, पण संवाद चुरचुरीत, हे कबूल.

मन रमलं ते धारपांकडे. त्यांची भीती कधी आरडाओरडा करत येत नाही. साधं घर, साधी माणसं, कुणीतरी नवीन भाडेकरू येतो, एक खोली बंद असते. वाक्यं इतकी सरळ की आपण बेसावध. त्यांचे समर्थ मला अजून आवडतात. अभद्र शक्तींशी झुंजताना हा माणूस चमत्काराचा बडेजाव करत नाही, डॉक्टरनं रोगी तपासावा तसं बघतो. आता हेही सांगायला हवं की धारपांनी इंग्रजीतून पुष्कळ घेतलं. 'शपथ' आणि 'लुचाई' या स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या, 'आजी'सुद्धा त्याच्याच कथेवरून. मुलीनं किंगची पुस्तकं आणली तेव्हा हे कळलं आणि मी आठवडाभर धारपांवर रुसले होते. मग पुन्हा 'शपथ' वाचली. भीती मराठीच वाटली. असो.

धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या, 'नेनचिम'सारख्या. पण मराठी विज्ञानकथा म्हटलं की आपण १९७४ वर बोट ठेवतो. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली, पहिली ठरली आणि मग समजलं की जगताप म्हणजे जयंत नारळीकर! गोष्ट मोठी गोड आहे. नारळीकरांच्या कथेत कल्पना पहिल्या बाकावर बसते आणि माणसं मागच्या, हे माझं मत त्यांच्याविषयीच्या आदरानं कमी होत नाही. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले याचा फार आनंद झाला होता. मे २०२५ मध्ये ते गेले. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. केंब्रिजमध्ये शिकलेल्या शास्त्रज्ञानं लिहिलं म्हणून जी कल्पित कथा काचेच्या कपाटात गेली, तिची भावंडं उघड्या फळीवरच का राहिली?

काही तिथेही राहिली नाहीत. आता ते सांगते.

१९८१ साली आमच्या शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं. तपासणी व्हायची होती आणि 'बाद पुस्तकां'ची यादी करायची होती. रहस्यकथांचा ढीग समोर होता. पाठीला खळ लावून लावून जाड झालेल्या, कोपरे गोल झालेल्या, कव्हरं गेलेल्या. नोंदवहीत प्रत्येकीपुढे मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'जीर्ण, निरुपयोगी'. तीन पोती भरली आणि रद्दीवाल्याला दिली. पैशांतून एक मोठा शब्दकोश घेतला. मी निवृत्त झाले तेव्हाही त्या शब्दकोशाची पानं कोरी करकरीत होती.

मला कुणी सांगितलं नव्हतं की रहस्यकथाच काढा. शिपाईमामा पोती शिवताना म्हणालेसुद्धा, "बाई, पोरं हीच तर नेत्यात." मी हसले होते.

जी पुस्तकं वाचून वाचून फाटली ती गेली, आणि जी कुणी उघडली नाहीत ती शाबूत राहिली. मग वाङ्मयाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाताला काय लागणार? अर्नाळकरांच्या हजारांतल्या काही निवडक गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या, चांगलं झालं. बाकीच्यांसाठी कुणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक शोधायची.

नातवाला मी 'शपथ' घेऊन दिली. नवी छपाई, स्वच्छ कागद. ती संपवून तो म्हणाला, "आता झुंजार." आणि मी गप्प झाले. त्याला जी गोष्ट द्यावीशी वाटत होती तिचं नावच मला ठाऊक नाही. पुस्तक हातात आलं तेव्हाच कव्हर नव्हतं आणि शेवटची आठ-दहा पानंही नव्हती. झुंजार एका तळघरात अडकलाय, पाणी चढतंय, आणि पान संपलं. मी रडकुंडीला आले तेव्हा दादानं शेवट सांगितला होता : झुंजारनं अंगठीतल्या हिऱ्यानं काच कापली, बाहेर बोट उभी होती. मी कितीतरी वर्षं तोच खरा शेवट धरून चालले. दादा जाण्याआधी एकदा विचारलं, तर म्हणाला, "अगं, मला तरी कुठे मिळाली होती ती पानं!"

तळघर, चढतं पाणी, साधारण १९६१ किंवा ६२ साली वाचनालयात असलेलं पुस्तक. कुणाच्या घरी असेल तर कृपया कळवा. पुस्तक नको, शेवटचं पान तेवढं वाचून दाखवा.