शंकूसाखळी ते संगणक : गावनकाशाचा प्रवास

मुंबई इलाख्यात जमीनमोजणीला शिस्त आली ती प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसल्यानंतर, १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने हाती घेतलेल्या कामातून, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम बांधून दिले. मोजणीचे साधन म्हणजे शंकूसाखळी. ती ३३ फूट लांब, सोळा आण्यांत विभागलेली असे आणि तिच्या एका चौरसाला गुंठा म्हणत, म्हणून चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. शेताची मापे लिहिलेल्या कच्च्या आकृतीला टिपण म्हणत, आणि सर्व शेते जोडून गावनकाशा तयार होई, ज्यात बांधांबरोबर ओढे, विहिरी, गाडीवाटा आणि गावठाणही दाखवलेले असे. हेतू मात्र निव्वळ सारावसुलीचा होता. तरीही ओढा, रस्ता, स्मशान अशा सार्वजनिक वापराच्या जागा पोटखराबा, म्हणजे शेतातील आकारणीबाहेरचे क्षेत्र, या सदरात वेगळ्या धरल्या गेल्याने, वसुलीसाठी केलेल्या या दप्तरात गावाच्या सामाईक जागांची नोंद जवळजवळ नकळत टिकून राहिली. ही नोंद पुढे दीर्घकाळ कचेरीतील रुमालांत बांधलेली होती; सातबारा आणि गावनकाशे राज्य शासनाने संकेतस्थळांवर खुले केल्यानंतर मात्र उपग्रहचित्रावर जुना नकाशा ठेवून बुजवलेला ओढा किंवा बंद झालेली पाणंद शोधणे सामान्य नागरिकालाही शक्य झाले.