असल मोटार, असल पोथी

मंडळी, आजची गोष्ट एका मोटारीपासून सुरू होते आणि तुमच्या-माझ्या घराच्या माळ्यावर येऊन थांबते. वाटेत हैदराबाद लागेल, बीडचे पाटांगण लागेल, आंबेजोगाई लागेल. तेव्हा जरा सोबत चला.

इटलीत फेरारी नावाचा मोटारींचा कारखाना आहे. १९६२ ते १९६४ या काळात त्याने शर्यतीसाठी '२५० जीटीओ' नावाच्या अवघ्या ३६ मोटारी केल्या. त्यांतली एक २०१८ साली अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. आता गंमत पाहा. हुबेहूब अशीच दिसणारी मोटार आज कुशल कारागीर नव्याने करून देतात. ती धावते, वळते, कदाचित जुनीपेक्षा कमी कुरकुरते. पण तिला मूळ मोटारीच्या किमतीचा अगदी लहानसा अंशही मिळत नाही. का बरे?

श्रीमंतांचा षोक, असे तुम्ही म्हणाल. तेही काही अंशी खरे आहे. वस्तू थोड्या आणि हौशी फार, म्हणून भाव चढतो हेही खरे. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. जाणकार माणूस जुनी मोटार घेताना आधी रंग बघत नाही. तो चासीवर ठोकलेला क्रमांक बघतो, इंजिनावरचा क्रमांक बघतो, आणि कारखान्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहतो. पहिला मालक कोण, मग ती कोणाकडे गेली, कोणत्या शर्यतीत धावली, कुठे आपटली, कोणी दुरुस्त केली, हे सारे विचारतो. आपण जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतो ना, तसेच हे. पत्रा नव्याने ठोकता येतो. फेरफारांची साखळी नव्याने ठोकता येत नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. नक्कल करणारा आपल्याला जे दिसले तेवढेच उतरवतो. जे त्याच्या ध्यानात आले नाही, ते नकलेत येत नाही. मूळ वस्तूत मात्र तेही असते. पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोडीचे ठोके असतात, रंगाखाली जुना रंग असतो, आसनाचे कातडे एका बाजूला अधिक झिजलेले असते. उद्या कोणी नवा प्रश्न घेऊन आला, तर मूळ वस्तू त्याला उत्तर देऊ शकते. मूळ वस्तू साक्षीदार असते. नक्कल ही त्या साक्षीची कोणीतरी सांगितलेली हकिगत असते. म्हणूनच आज पुष्कळ जाणकार नवा चकचकीत रंग दिलेल्या जुन्या मोटारीपेक्षा विटलेला, पण पहिलाच रंग अंगावर असलेली मोटार अधिक मोलाची मानतात. नवा रंग केव्हाही देता येतो. पहिला रंग एकदाच असतो.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या घराण्यातल्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, विलायतेतून एक रोल्स-रॉइस मागवली होती. पिवळ्या रंगाची, आणि मागे सिंहासनासारखे आसन असलेली. १९११ साली निजाम वारले. मोटार त्यानंतर आली. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती मोटार ठेवलेली आहे. तिची नक्कल कोणीही करील. पण ज्याच्यासाठी हे सिंहासन घडवले तो त्यावर बसलाच नाही, ही गोष्ट त्या एकाच मोटारीची. नकलेच्या आसनावर कोणी बसले काय आणि न बसले काय!

आता मोटार इथेच ठेवू आणि पोथीकडे वळू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ही पोथी त्याच्याही आधीची, असे राजवाड्यांचे मत पडले. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. पुढे सरकारनेही राजवाड्यांची संहिता छापली. विद्वानांत वाद मात्र राहिला: पोथी खरोखर किती जुनी?

हा वाद मिटवायचा कसा? कागद तपासावा, शाई तपासावी, अक्षरांचे वळण बघावे. पण राजवाड्यांच्या हातातली ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यांनी वाचले ते आपल्यापाशी आहे, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. पण त्यांनी जे टिपले नाही, ते विचारायचे कोणाला? आणि लक्षात घ्या, ती पोथी म्हणजे काही ज्ञानेश्वरांच्या काळचे पहिले लिखाण नव्हे. तीही कोणा लेखकाने उतरवलेली प्रतच होती. तरी जुनी प्रत ही आपल्या काळाची साक्षीदार असतेच. तो साक्षीदार गेला.

उलट आंबेजोगाईला जा. तिथे दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. पंचमहाभूतांपासून हा देह आणि हे जग कसे झाले, त्याचे विवरण त्यात आहे. आज ते छापील पुस्तकात वाचता येते, आणि वाचायला पुस्तकच सोयीचे. पण माणसाने कागद सोडून कापड का घेतले असेल, हा प्रश्न पुस्तक वाचताना सुचत नाही. पासोडी समोर उलगडली की पहिला तोच सुचतो.

याचा अर्थ नक्कल वाईट, असा नव्हे. पाटांगणची पोथी गेली, पण छापील प्रतीने तिचे शब्द राखले. नकलेने आपण नक्कल आहो एवढे प्रामाणिकपणे सांगावे, म्हणजे झाले. चूक होते ती नक्कल हाती आली म्हणून मूळ टाकून देण्यात.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले, "सर, आमच्या घरी मोडीतला एक कागद आहे. विहिरीच्या पाळ्यांचा आहे म्हणतात." मी घाईत होतो. म्हणालो, "बरं, उतरवून आण." पोराने आजोबांकडून वाचवून घेतले आणि स्वच्छ अक्षरात उतरवून आणले. पण सालाच्या शेवटच्या आकड्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह घातले होते आणि एक नाव लागत नव्हते. मी म्हटले, "मूळ कागद आण, बघू." तो म्हणाला, "सर, उतरवून झालं म्हणून घरच्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या पोथ्यांबरोबर तो बिंदुसरेत सोडला." मी 'जपून ठेव' असे दोन शब्द अधिक बोललो असतो तर? ते प्रश्नचिन्ह आता कायमचे.

म्हणून गुरुजनांना आणि गावकऱ्यांना माझी विनंती आहे. ताम्रपट सापडला तर तो चिंच लावून घासू नका. वेशीतल्या वीरगळाला तेलरंग फासू नका. फाटक्या पोथीला चिकटपट्टी लावू नका. सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा. मोबाईलवर फोटो अवश्य काढा, पण मूळ तसेच राहू द्या. जमिनीत पुरलेले धन सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, तेही ध्यानात असू द्या.

आणि शाळेत एक साधी वही घाला. गावात कोणाच्या घरी कोणती जुनी वस्तू आहे, ती कोणाकडून आली, कधी आली, तिच्यात कोणती दुरुस्ती झाली, एवढे मुलांकडून लिहून घ्या. आजोबांच्या बैलगाडीची चाके बापाने बदलली आणि जू नातवाने बदलले, तरी ती गाडी कोणाची हे त्या वहीवरून समजेल. फेरारीच्या मालकापाशी असतो तो कागद याहून फार वेगळा नसतो.

दिवाळीची आवराआवर दर वर्षी येते. या खेपेस माळ्यावरचे गाठोडे खाली काढाल तेव्हा नदीकडे नेण्याआधी एकदा सोडून बघा.