ॲल्युमिनियमच्या जुन्या मोटरबोटी आणि उत्तरेचा हिवाळा

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतली सरोवरे नोव्हेंबरच्या अखेरीस गोठू लागतात आणि पुष्कळ ठिकाणी एप्रिल उजाडल्याखेरीज मोकळी होत नाहीत. कोकणात होड्या पावसाळ्यापुरत्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात; तिकडे बोटींना पाण्याबाहेर काढते ती थंडी. एकट्या मिनेसोटात दहा एकर किंवा त्याहून मोठी ११,८४२ सरोवरे आहेत आणि नोंदणी झालेल्या बोटींची संख्या आठ लाखांच्या आसपास जाते. त्यांत मासेमारीच्या १२ ते १८ फुटी ॲल्युमिनियम बोटींचा भरणा मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत बनलेल्या अशा कितीतरी बोटी अजून पाण्यात उतरतात. हिवाळ्याच्या चार-पाच महिन्यांत घरच्या गॅरेजमध्ये त्या पूर्ण उलगडायच्या आणि वसंतापर्यंत पुन्हा उभ्या करायच्या, हा तिथला रुळलेला उद्योग आहे. या कामात पत्रा सहसा दगा देत नाही. त्याला चिकटलेले लाकूड, फोम, स्क्रू आणि रंग मात्र देतात, आणि हा धडा या बोटींइतकाच जुना आहे.

१८८६पर्यंत ॲल्युमिनियम हा जवळजवळ दागिन्यांचा धातू होता. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न कळत विजेच्या साह्याने तो वेगळा करण्याची एकच पद्धत शोधली, आणि भाव कोसळले. पोलादाच्या एक-तृतीयांश वजनाचा धातू बोट बांधणाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. झुरिकच्या एशर वीस कारखान्याने १८९०च्या दशकाच्या आरंभीच ॲल्युमिनियमच्या छोट्या लाँच बांधल्या.

खरा गाजावाजा झाला तो १८९५ साली. अमेरिकाज कप या शर्यतीसाठी ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावी नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी ‘डिफेंडर’ ही शिडाची नौका बांधली. पाण्याखालचा भाग कांस्याचा, वरचा ॲल्युमिनियमचा, आतली चौकट पोलादाची. वजन वाचले आणि ‘डिफेंडर’ने ‘व्हॅल्किरी ३’ या ब्रिटिश नौकेवर मात केली. पण तीन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकवले की त्यांचा विद्युतघटच तयार होतो आणि त्यात जो धातू अधिक क्रियाशील तो झिजतो. इथे झिजायची पाळी ॲल्युमिनियमची होती. १८९९मध्ये सरावासाठी नौका पुन्हा वापरात आणली तेव्हाच तिची अवस्था नाजूक झालेली होती, आणि १९०१ साली ती मोडीत निघाली. त्या काळी बोट बांधणाऱ्यांनी दोष ॲल्युमिनियमला दिला. तो निवाडा अर्धाच खरा होता. तेव्हाचा पत्रा समुद्राला पुरेसा टिकाऊ नव्हता हे खरे. पण त्याच्या शेजारी कांसे ठेवले नसते तर नौका इतक्या लवकर गेली नसती.

पुढची तीसेक वर्षे धातू सुधारण्यात गेली. मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू १९३०च्या दशकात बाजारात आले. आज ५०५२ या क्रमांकाने ओळखला जाणारा पत्रा त्यांतलाच, आणि जुन्या मासेमारी बोटींपैकी पुष्कळांचे अंग त्याचेच असते. हवा लागताच या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. थर ओरखडला तर नवा धरतो; मात्र त्यासाठी ऑक्सिजन लागतो. ओल्या, कोंदट फटीत ऑक्सिजन पोचत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला हिवाळाभर ज्या जागा धुंडाळाव्या लागतात त्या नेमक्या याच.

बोटीआधी इंजिन हलके झाले. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९मध्ये मिलवॉकीहून आपले आउटबोर्ड इंजिन विकायला काढले. दीड अश्वशक्तीच्या त्या यंत्राचे वजन सुमारे २८ किलो होते. धंद्याची आणि जाहिरातींची बाजू त्यांच्या पत्नी बेस यांनी सांभाळली. १९२१च्या सुमारास एव्हिनरूड यांनी ‘एल्टो’ हे नवे इंजिन आणले, त्यात ॲल्युमिनियमचा सढळ वापर होता. बोटीच्या मागच्या फळीला लटकवायचे, खांद्यावर टाकून घरी न्यायचे असे इंजिन सामान्य माणसाच्या हाती आले. पण ती फळी आणि तिच्या पुढची बोट अजून लाकडीच होती.

ते चित्र महायुद्धाने पालटले. अमेरिकेने युद्धकाळात सुमारे तीन लाख विमाने बांधली. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, पत्रा साच्यावर ताणून आकार देणारी यंत्रे आली आणि रिव्हेट मारण्यात तरबेज असे लाखो हात तयार झाले, त्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. १९४५मध्ये विमानांच्या मागण्या एका फटक्यात रद्द झाल्या. १२,००० हून अधिक ‘हेलकॅट’ विमाने बांधणाऱ्या लाँग आयलंडच्या ग्रुमन कंपनीला नवे काम हवे होते आणि एक कल्पना तिच्याजवळ आधीच होती. कंपनीचे एक अधिकारी विल्यम हॉफमन यांनी १९४४ साली ॲडिरॉन्डॅकच्या डोंगराळ भागात लाकूड-कापडाची जड कनू खांद्यावर वाहून नेली होती आणि हीच ॲल्युमिनियमची का असू नये, असे त्यांच्या मनात आले होते. ताणून घडवलेले दोन अर्धे पत्रे तळाच्या कण्यावर रिव्हेटने जोडून बनवलेली ग्रुमनची १७ फुटी कनू साधारण ३४ किलो भरे. १९५२ साली हे उत्पादन न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरेथॉन या गावी हलवण्यात आले.

मोटरबोटींचा धंदा मात्र विमान कंपन्यांनी नव्हे, तर लहान शहरांतल्या पत्रेकाम करणाऱ्यांनी वाढवला. मिनियापोलिसच्या फ्लाउर सिटी ऑर्नामेंटल आयर्न या शोभिवंत लोखंडकाम करणाऱ्या कारखान्यातून १९४६मध्ये ‘ॲल्युमाक्राफ्ट’ निघाली. त्याच वर्षी लिटल फॉल्समध्ये ‘क्रेस्टलायनर’ सुरू झाली. इंडियानातल्या गोशेन येथे १९०३पासून शेतकऱ्यांसाठी पत्र्याच्या टाक्या बनवणारी कंपनी ‘स्टारक्राफ्ट’ नावाने बोटींसाठी ओळखली जाऊ लागली. न्यूयॉर्क मिल्स हे नाव फसवे आहे, कारण हे गाव मिनेसोटातच आहे. तिथल्या हॉवर्ड लुंड यांनी शिकारीसाठी स्वतःपुरती एक ॲल्युमिनियमची बोट बनवली, ती इतरांच्या नजरेत भरली आणि १९४८मध्ये ‘लुंड’ कंपनी उभी राहिली. जनावरांना पाणी पाजायची टाकी गळू न देणाऱ्या कारागिराला बोट परकी नव्हती.

बहुतेक बोटी रिव्हेटच्या होत्या, आणि त्याला कारण होते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २,००० अंशांहून अधिक उष्णता लागते. थर फुटण्याआधी खालचा पातळ पत्रा वाहून जातो. निष्क्रिय वायूच्या आवरणात वेल्डिंग करण्याची तंत्रे १९४०च्या दशकात निघाली खरी, तरी दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर आणि रोजच्या उत्पादनात ती रुळायला वेळ लागला. तोवर विमानातला रिव्हेटच बोटीत आला.

१९५०च्या दशकात या बोटींनी मोटारगाड्यांची नक्कल केली. मागे शेपटीसारखे पंख, पुढे वळलेली काच, दोन रंगांचे पट्टे. मग फायबरग्लास आले. त्याला हवा तो वळसा देता येई आणि चकाकीही होती. ॲल्युमिनियमच्या वाट्याला मासेमारीची साधी बोट उरली आणि तिथे ती टिकली, कारण दगडावर आपटली तर ती फुटण्याऐवजी चेपते. १४ फुटी बोटीचे अंग जेमतेम १०० किलोचे असल्याने दोन माणसे ती उचलून पालथी घालू शकतात. लाकडी महोगनी बोटींना संग्रहालये आणि श्रीमंत जीर्णोद्धारक मिळाले. या बोटींना मिळाले गॅरेज.

१९७१च्या केंद्रीय नौसुरक्षा कायद्यानंतर बोटींना १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आला. १९७८पासून २० फुटांहून लहान आउटबोर्ड बोटी पाण्याने भरल्या तरी आडव्या तरंगत राहतील अशी रचना सक्तीची झाली. त्यासाठी जमिनीच्या फळ्यांखाली पॉलियुरेथेन फोम ओतला जाऊ लागला. प्राण वाचवणारा हा फोम दुरुस्ती करणाऱ्याची मात्र डोकेदुखी ठरला. वर्षानुवर्षे ओल्यात राहिला की तो पाणी धरतो, सोडत नाही, आणि ती ओल पत्र्याला चिकटून बसते.

हिवाळ्याचे काम म्हणूनच शरदात, पाणी गोठण्याआधी, गळती शोधण्यापासून सुरू होते. बोट गाड्यावर नीट टेकू देऊन ठेवायची, आत थोडेसे पाणी भरायचे आणि खाली आडवे होऊन कुठला रिव्हेट पाझरतो ते खडूने खुणावत जायचे. भाराने पत्रा बाक धरू नये म्हणून पाणी बेतानेच. मग बाके, फळ्या आणि फोम काढला की खरा तळ दिसतो. तिथे कुजलेली पाने, गळाची शिशाची वजने, बदकांच्या शिकारीतली पितळी काडतुसे आणि चिल्लर सापडते. १९८२पर्यंतची बहुतेक अमेरिकी एक सेंटची नाणी ९५ टक्के तांब्याची. ओल्या चिखलात असे नाणे पत्र्यावर पडून राहिले की भोवती पांढरी भुकटी जमते. नाणे उचलावे तर खाली त्याच्याच आकाराचा खड्डा, कधी आरपार भोक. ‘डिफेंडर’ची गोष्ट एका सेंटात.

इंजिन ज्या मागच्या भागावर लटकते तिथे दोन पत्र्यांमध्ये प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते, आणि बहुतेक जुन्या बोटींत पहिला मोठा खर्च हाच. जुन्याचा नमुना धरून प्लायवूडचे दोन थर एकत्र चिकटवायचे, कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करायचे, मग बसवायचे. इथे एक सापळा आहे. न कुजणारे म्हणून रसायनमारा केलेले लाकूड वापरण्याचा मोह होतो. २००३च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचे मिश्रण बहुतांशी मागे घेतले गेले आणि त्याजागी तांब्याचे प्रमाण जास्त असलेली मिश्रणे आली. लाकूड टिकते, त्याला टेकलेला पत्रा खाल्ला जातो. साधे बाह्य वापराचे किंवा मरीन प्लायवूड आणि भरपूर इपॉक्सी हा जुना मार्गच बरा.

ढिल्या रिव्हेटांसाठी दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून डोक्यावर हवेच्या हातोड्याने ठोके द्यायचे, दुसऱ्याने आतून शेपटीला जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. विमानकारखान्यातली जोडी अशीच काम करायची. भोक लंबगोल झाले असेल तर जुना रिव्हेट काढून एक माप मोठा घालतात. एकट्याने होणारे पोकळ पॉप रिव्हेट पाण्याच्या रेषेखाली चालत नाहीत, कारण त्यांच्या मधल्या छिद्रातूनच पाणी येते. भेग गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ती थांबवतात आणि वर ठिगळ रिव्हेट करतात.

थंडी या कामाचा क्रम ठरवते. तोडफोड, घासकाम, छिद्रे पाडणे गोठवणाऱ्या गॅरेजमध्येही उरकते. इपॉक्सी आणि सीलंटला मात्र ऊब लागते, नाहीतर ते कित्येक दिवस चिकटच राहतात. धुराडे नसलेला गॅसचा शेगडा लावला तर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड वाढून इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा धरतो, आणि बंद जागेत विषारी वायूचा धोका वेगळाच. बोटींसाठीची इपॉक्सी लोकप्रिय करणारे मिशिगनच्या बे सिटीतले गूजन बंधू मुळात बर्फावर धावणाऱ्या शिडाच्या गाड्या बांधत. त्यामुळे हिवाळा आणि इपॉक्सी यांचे नाते त्या प्रदेशात जुने आहे.

शेवटी रंग. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर रंग धरत नाही. आधी पत्रा खरवडून, त्याला चावून बसणारा प्रायमर लावावा लागतो. विमानांतून आलेला हिरवट-पिवळा झिंक क्रोमेट वर्षानुवर्षे तेच काम करी, पण त्यातले क्रोमियम कर्करोगकारक असल्याने तो घरगुती वापरातून हटत गेला. तळाला शेवाळ धरू नये म्हणून वापरला जाणारा तांब्याचा रंग इथे वर्ज्यच. अमेरिकेने १९८८मध्ये कथिलयुक्त शेवाळरोधक रंगांवर बंधने घातली तेव्हा ॲल्युमिनियमच्या बोटींना त्यातून सूट द्यावी लागली होती, कारण तांबे लावणे त्यांना परवडणारे नव्हते. पुढे २००८मध्ये आंतरराष्ट्रीय करारानुसार कथिलाचे हे रंगही बंद झाले.

मिनेसोटात वॉलआय माशाचा हंगाम मे महिन्याच्या मध्यावर उघडतो आणि १९४८पासून राज्याचे गव्हर्नर त्या दिवसाचा समारंभ करतात. गॅरेजमधल्या कामाची मुदत तीच. न जमलेल्या बोटी भंगारात जातात, आणि तिथेही त्यांना मोल असते. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढायला जितकी ऊर्जा लागते तिच्या सुमारे ५ टक्क्यांत जुने वितळवता येते. काही उत्पादकांनी अलीकडे मागच्या भागात प्लायवूडऐवजी न कुजणारे संयुक्त तक्ते घालायला आणि अंग वेल्ड करायला सुरुवात केली आहे. अशा बोटी जुन्या होतील तेव्हा ढिले रिव्हेट आणि कुजके प्लायवूड ही दोन कामे यादीतून जातील. ओला फोम आणि तळातली नाणी राहतील.