सुमो मल्लांची उतरंड

जपानांतील सुमो कुस्तीची ख्याति आतां सर्वश्रुत आहे. सुमारें पंधरा फूट व्यासाच्या मातीच्या वर्तुळांत दोन धिप्पाड मल्ल समोरासमोर उभे राहतात. ज्याचा पाय वर्तुळाबाहेर पडला, किंवा पायाच्या तळव्याखेरीज ज्याच्या शरीराचा कोणताहि भाग भूमीस टेकला, तो हरला. प्रतिस्पर्ध्यास चीत करण्याची तेथें आवश्यकता नाहीं. बहुतेक कुस्त्या कांहीं क्षणांतच निकालांत निघतात. परंतु या क्षणभराच्या झुंजीमागें एक मोठी व्यवस्था उभी आहे, आणि मल्लाचें वेतन, वस्त्र, निवारा, इतकेंच नव्हे तर त्याच्या केसांची गांठसुद्धां त्या व्यवस्थेवर अवलंबून असते. ही व्यवस्था म्हणजे मल्लांच्या दर्जाची उतरंड होय. तिच्या कागदास जपानी भाषेंत ‘बान्झुके’ असें म्हणतात.

हा कागद पाहण्यासारखा असतो. स्पर्धा संपल्यानंतरच्या बुधवारीं मल्लसंघाचे अधिकारी एकत्र बसून पुढील क्रम ठरवितात, आणि पुढच्या स्पर्धेच्या सुमारें दोन आठवडे आधीपर्यंत तो बहुतांशीं गुप्त ठेवण्यांत येतो. कुस्तीचा एक पंच आपल्या कुंचल्यानें सर्व नांवें हातानें लिहितो, आणि मग तो तक्ता लहान करून छापतात. अक्षरें अशीं जाड व दाट असतात, कीं मध्यें पांढरी जागा फारशी उरूं नये. प्रेक्षागारांतहि अशीच दाटी व्हावी, ही त्यामागील शुभेच्छा. उजवीकडे पूर्वेचे मल्ल, डावीकडे पश्चिमेचे. एकाच पायरीवरील दोघांत पूर्वेकडचा अर्ध्या पावलानें श्रेष्ठ समजला जातो. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत अग्रगण्य मल्ल, आणि जसजसें खालीं यावें तसतशीं अक्षरें बारीक होत जातात. अगदीं तळाशीं नांवें इतकीं सूक्ष्म असतात, कीं तेथील नवशिक्यांस ‘भिंगवाले’ असें विनोदानें म्हणतात. घरीं बसलेल्या मातापित्यांना आपल्या मुलाचें नांव भिंगाखालीं शोधावें लागतें, आणि तें दर दोन महिन्यांनीं किंचित् मोठें झालेलें दिसावें हीच त्यांची आशा असते.

या तक्त्याचा इतिहास देवळांच्या वर्गणीपासून सुरू होतो. सतराव्या व अठराव्या शतकांत येदो नगरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, देवालयांच्या जीर्णोद्धारासाठीं कुस्त्यांचे फड भरत. रस्त्यांवरील कुस्त्यांनीं दंगे होतात म्हणून सरकारनें त्यांवर वारंवार बंदी घातली होती. तेव्हां अशा फडांस सरकारी परवानगी लागे. आजहि बान्झुकेच्या मध्यभागीं ‘परवानगी मिळाली आहे’ या अर्थाचीं अक्षरें ठळकपणें लिहितात. परवानगी देणारें तें सरकार १८६८ सालीं लयास गेलें. अक्षरें मात्र राहिलीं. १७५७ सालीं येदो येथें एकाच उभ्या कागदावर पूर्व व पश्चिम अशा दोन्ही बाजू छापण्याची पद्धति सुरू झाली, आणि तिची ठेवण आजतागायत टिकून आहे. लोकांस ती इतकी आवडली, कीं उष्णोदकाचे झरे, खाणावळी, धनिक व्यापारी यांच्याहि याद्या त्याच धर्तीवर छापूं लागल्या.

त्या काळीं सर्वांत वरचा दर्जा ‘ओझेकी’ हा होता. त्याखालीं ‘सेकिवाके’, मग ‘कोमुसुबी’, आणि त्याखालीं ‘माएगाशिरा’ म्हणवणाऱ्यांची रांग. परंतु या पायऱ्या केवळ जयापजयावर ठरत असें मात्र नाहीं. एखादा विलक्षण उंच पुरुष आढळला, कीं कुस्तीचें ज्ञान असो वा नसो, प्रेक्षकांस आकर्षिण्यासाठीं त्यास ओझेकी म्हणून मिरवीत. अशांस ‘पाटीवरचे ओझेकी’ म्हणत; दुकानावरील पाटी जशी शोभेची, तसे तेहि शोभेचे. म्हणजे मान गुणाला द्यावा कीं गर्दीला, हा प्रश्न या उतरंडीच्या जन्मापासूनच तिच्या सोबत आहे.

‘योकोझुना’ हें आजचें सर्वोच्च पद तर प्रथम पदच नव्हतें. योकोझुना म्हणजे कंबरेभोवतीं बांधावयाचा शुभ्र पवित्र दोर. १७८९ सालीं योशिदा त्सुकासा या कुस्तीशास्त्राच्या परंपरागत घराण्यानें तानिकाझे व ओनोगावा या दोन मल्लांस हा दोर बांधून आखाड्यांत प्रवेश करण्याचा परवाना दिला. दोन वर्षांनीं, १७९१ त, शोगुन इएनारी यानें आपल्या किल्ल्यांत कुस्त्या पाहिल्या, आणि या मानाचें तेज अधिकच वाढलें. पण हा एक अलंकार होता. तक्त्यावर त्यामुळें नवा दर्जा निर्माण झाला नाहीं. याच काळांतील राइदेन तामेएमोन हा मल्ल १७९० पासून १८११ पर्यंत झुंजला. त्याचे जय २५४ आणि पराजय अवघे १०. तरीहि त्यास हा दोर कधींच लाभला नाहीं. इतक्या पराक्रमी पुरुषाचें नांव योकोझुनांच्या मालिकेंत नसावें, हें पाहून आजचा वाचकहि थबकतो. पुढें १९०० सालीं टोकियोंतील तोमिओका हाचिमान देवस्थानांत योकोझुनांचा शिलास्तंभ उभारला गेला, तेव्हां त्या शिलेवर राइदेनचेंहि नांव ‘अद्वितीय बलवान’ म्हणून कोरण्यांत आलें.

अलंकाराचें पद झालें तें एका रुसव्यामुळें, असें सांगतात. १८९० च्या मे महिन्यांत निशिनोउमी या परवानाधारक ओझेकीचें नांव तक्त्याच्या चौकटीबाहेर, जादा म्हणून, मांडण्याचें ठरलें. तो रागावला. त्याची समजूत घालण्यासाठीं त्याच्या नांवावर ‘योकोझुना’ हा शब्द प्रथमच छापण्यांत आला. पुढें १९०९ सालीं, ज्या वर्षीं टोकियोंत कुस्तीचें पहिलें कायम प्रेक्षागार उघडलें, त्याच वर्षीं योकोझुना हा सर्वश्रेष्ठ दर्जा असल्याचें नियमांत नमूद झालें.

आजची बढतीची रीत समजण्यास एकच अंक ध्यानांत ठेवावा, तो म्हणजे आठ. १९४९ पासून मोठ्या स्पर्धेचे दिवस पंधरा ठरले, आणि १९५८ पासून वर्षांत अशा सहा स्पर्धा होतात. वरच्या दोन वर्गांतील मल्ल रोज एक याप्रमाणें पंधरा कुस्त्या खेळतो. पंधरा हा विषम अंक असल्यामुळें बरोबरी संभवत नाहीं: आठ जय मिळाले तर तो वर चढतो, सातच मिळाले तर खालीं उतरतो. खालच्या चार वर्गांत कुस्त्या सात, म्हणून तेथें चार जयांवर सर्व कांहीं ठरतें. किती पायऱ्या चढावयाच्या, हें जय व पराजय यांतील अंतरावरून ठोकळमानानें काढतात. परंतु वरची जागा रिकामी असावी लागते. पहिल्या पायरीवरच्या माएगाशिरानें आठ कुस्त्या जिंकल्या, तरी वरच्या सर्वांनीं आपापल्या जागा राखल्या असतील तर तो तेथेंच राहतो. उलट एखाद्यास थोडक्या यशावरहि मोठी उडी मिळते. यास जपानी लोक ‘बान्झुकेचें दैव’ असें म्हणतात.

सर्वांत तीव्र चढ दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या मध्यें आहे. एकंदर मल्ल सुमारें सहाशें. त्यांपैकीं वरच्या दोन वर्गांत जागा फक्त सत्तर. दुसऱ्या वर्गाच्या अगदीं शेवटच्या मल्लासहि दरमहा दहा लक्ष येनांहून अधिक वेतन, सेवेस शिष्य, रेशमी लंगोट आणि गिंको वृक्षाच्या पानाच्या आकाराची केशरचना मिळते. त्याच्या खालोखाल असलेल्या मल्लास मासिक वेतन नाहीं. स्पर्धेपुरता भत्ता, आखाड्यांत सामुदायिक निवास आणि वरिष्ठांची सेवा हेंच त्याच्या वांट्यास येतें. दोघांच्या बळांत अंतर तिळाएवढें, आणि जीवनांत मात्र डोंगराएवढें!

जेथें एका जयाचें मोल इतकें, तेथें मोह उत्पन्न व्हावा यांत नवल नाहीं. २००२ सालीं स्टीव्हन लेव्हिट व मार्क डगन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं निकालांचे आंकडे तपासून दाखविलें, कीं शेवटच्या दिवशीं सात जय व सात पराजय अशा स्थितींतील मल्ल अपेक्षेपेक्षां फारच अधिक वेळां जिंकतो, आणि त्याच प्रतिस्पर्ध्याशीं पुढील भेटींत तो अपेक्षेपेक्षां अधिक वेळां हरतो. उपकाराची ही परतफेड असावी, असा त्यांचा तर्क होता. संघानें अशा आरोपांचा सदैव इन्कार केला होता. परंतु जुगाराच्या एका चौकशींत पोलिसांच्या हातीं आलेल्या दूरध्वनियंत्रांतून कुस्त्या ठरविल्याचे निरोप सांपडले. २०११ चा मार्च महिन्यांतील ओसाकाचा फड रद्द करावा लागला, आणि वीसांहून अधिक मल्ल व आखाडाप्रमुख सुमोबाहेर गेले. त्यांत दुसऱ्या वर्गांतील, म्हणजे त्या भयंकर कड्याच्या अगदीं काठावर उभे असलेले, पुष्कळ होते.

वरच्या टोकास नियम अंकांवरून हळूहळू विवेकाकडे झुकतात. ओझेकी होण्यास सेकिवाके वा कोमुसुबी म्हणून लागोपाठ तीन स्पर्धांत मिळून तेहतीस जय असावे, असा संकेत आहे. १९६९ पासून ओझेकी लागोपाठ दोन स्पर्धांत अपयशी झाला तरच खालीं उतरतो, आणि लगेच पुढील स्पर्धेंत दहा जय मिळविले तर पद परत मिळवितो. योकोझुनास मात्र परतीची वाट नाहीं. तो कधींहि खालीं उतरविला जात नाहीं. पदास साजेसें बळ उरलें नाहीं तर निवृत्त होणें एवढाच मार्ग त्यास मोकळा असतो. १९५० च्या जानेवारींत एकाच स्पर्धेंतून तीन योकोझुनांनीं माघार घेतली, तेव्हां लोकक्षोभ झाला. संघानें योकोझुनासहि खालीं आणण्याचा निर्णय जाहीर केला, आणि लगेच मागें घेतला. मान काढून घेण्यापेक्षां तो देतांनाच काळजी घ्यावी, या विचारानें त्याच वर्षीं बाहेरच्या प्रतिष्ठित गृहस्थांचें सल्लागार मंडळ स्थापन झालें. ओझेकी म्हणून लागोपाठ दोन अजिंक्यपदें अथवा त्या तोडीचें यश, आणि त्याबरोबर शील, ही त्याची कसोटी आहे. १९८६ त फुताहागुरो यास एकहि अजिंक्यपद नसतांना हा मान दिला गेला; पुढच्याच वर्षीं गुरूशीं भांडण होऊन तो आखाडा सोडून गेला. त्यानंतर मंडळ बरेंच कठोर झालें.

परदेशांतील सुमोप्रेमींनीं या उतरंडीचें अनुकरण करून काल्पनिक सुमोचे खेळहि रचले आहेत. खेळणारा रोज विजेत्यांचें भाकीत करतो, आणि त्याच्या अचूकपणावरून त्याचें नांव एका लुटुपुटीच्या बान्झुकेवर वर वा खालीं सरकतें. यशाची तीच रेषा, तीच पूर्व-पश्चिम, तेंच दैव. फरक इतकाच, कीं तेथें कोणाचा गुडघा मोडत नाहीं.

तेरुनोफुजी या मंगोलियन मल्लाचे गुडघे मोडले होते. २०१५ त तो ओझेकी झाला. दुखापती व व्याधी यांनीं त्यास ग्रासलें. पद गेलें, वर्ग गेला, वेतन गेलें. त्यानें पुनःपुन्हां निवृत्तीची अनुज्ञा मागितली. गुरूनें दिली नाहीं. २०१९ च्या मार्चमध्यें तो पांचव्या वर्गांत, अठ्ठेचाळिसाव्या पायरीवर, कोवळ्या पोरांशीं झुंजत होता. ज्या कागदावर त्याचें नांव ठळक अक्षरांत झळकलें होतें, त्याच कागदावर तें आतां बारीक अक्षरांत उतरलें होतें. तेथून तो एकेक पायरी चढला. २०२० च्या जुलैंत त्यानें पहिल्या वर्गाच्या तळाजवळून अजिंक्यपद मिळविलें, आणि २०२१ च्या जुलैंत तो त्र्याहत्तरावा योकोझुना झाला. २०२५ च्या जानेवारींत तो निवृत्त झाला. वरून ढकलणाऱ्या आणि खालून पुन्हां वाट देणाऱ्या अशा दोन्ही गोष्टी त्या एकाच कागदानें केल्या. मधलें चालणें मात्र त्या मल्लासच करावें लागलें.